सतरा नंबरची खुंटी

मोडक्या वेबसाइट दुरुस्त करणं हा अवंती खोडकेचा धंदा होता, आणि तो काही तिने हौसेने निवडला नव्हता. नव्या साइट आता यंत्रंच बांधायची. सकाळी सांगा, दुपारी तयार. पण माणसांनी हाताने बांधलेल्या, जागोजागी ठिगळं लावलेल्या जुन्या साइट अजून शेकड्यांनी शिल्लक होत्या आणि यंत्रं त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसत. कुठे एखादं वाचनालय, कुठे बंद पडलेलं साप्ताहिक. त्यातलं काही बिघडलं की लोक वरखेडला अवंतीच्या दारात यायचे. ती कपाळाला आठ्या घालून, आधीच्या दुरुस्ती करणाऱ्याला चार शब्द सुनावून, काम मात्र चोख करून द्यायची.

एक साइट ती कुणी न सांगता सांभाळायची. वरखेडच्या हातबोलीची.

वरखेडला एके काळी कर्णबधिर मुलांची शाळा होती. राजूरकर सर नावाच्या तऱ्हेवाईक माणसाने ती काढली. आसपासच्या खेड्यांतून मुलं आली ती आपापल्या घरच्या खुणा घेऊन. सरांनी त्यांना आपली भाषा शिकवण्याऐवजी त्यांच्याकडून त्यांची शिकून घेतली. नवी खूण दिसली की ती काढणाऱ्या पोराला खुर्चीवर बसवायचं आणि कॅमेऱ्यावर टिपून ठेवायचं, हा सरांचा नाद. बहिऱ्या मुलांना हाक मारून उपयोग नाही, म्हणून तास सुरू करताना सर वर्गातली ट्यूबलाइट दोनदा बंद-चालू करत. व्हिडिओ काढतानाही तेच. त्यामुळे प्रत्येक व्हिडिओची सुरुवात ठरलेली: अंधार, उजेड, अंधार, उजेड, आणि मग खुर्चीतलं पोर खूण करून दाखवतं. असे चार हजार एकशे बारा व्हिडिओ होते. शाळा बंद पडली, सर गेले. ती बोली बोलणारी माणसं आता एकसष्ट उरली होती. अवंतीची आई शशिकला त्यातली एक.

आई शिवणकाम करायची. या वर्षी तिच्या उजव्या मनगटात गाठ आली आणि बोटं बधिर व्हायला लागली. शस्त्रक्रिया शुक्रवारी अकरा वाजता ठरली होती. गाठ मुळासकट काढली तर अंगठा कायमचा वाकायचा बंद होणार. थोडी ठेवून काढली तर अंगठा राहील, पण गाठ पुन्हा येऊ शकेल. यातलं काय करायचं ते रोग्यानेच सांगायचं, असा नियम होता. नातेवाइकाचा शब्द चालत नव्हता. नातेवाइकांनी मधल्या मधे आपल्या सोयीचं सांगितल्याच्या इतक्या तक्रारी झाल्या होत्या, की सरकारने दवाखान्यांत दुभाष्या बसवला. हा दुभाष्या म्हणजे टेबलावरचा वीतभर उंच कॅमेरा. तो हातवारे बघे आणि मराठीत बोलून दाखवी, आणि बोललेलं आपल्या छोट्या पडद्यावर लिहूनही दाखवी. वरखेडची बोली त्याला येत होती ती याच साइटच्या जोरावर. साइट बंद, तर दुभाष्या मुका. आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाई वरखेडला तीन महिन्यांतून एकदाच येत. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, की तीन महिने थांबलात तर बोटं परत यायची नाहीत.

नेमकी अशा वेळी साइट ठेवणाऱ्या कंपनीने जागा बदलायला काढली. सगळं सामान अंदाजी झिपमध्ये बांधा आणि नव्या सर्व्हरवर चढवा, असं तिचं फर्मान आलं.

ही अंदाजी झिप काय चीज आहे, ते सांगायला हवं. पिठलं कसं करतात हे तुमच्या बहिणीला ठाऊक असेल, तर तिला अख्खी कृती लिहून धाडायची गरज नसते. 'आपलं नेहमीचंच, फक्त लसूण दुप्पट' एवढं कळवलं की भागतं. नव्या झिपने हेच केलं होतं. दोन्ही टोकांना एकच शिकवलेलं यंत्र बसलेलं असे, त्याला अंदाजी म्हणत. त्याने जगभरचे करोडो व्हिडिओ बघितलेले. खुर्चीत बसलेला माणूस हात कसा हलवील, याचा तो आधी अंदाज बांधी. झिपमध्ये फक्त त्या अंदाजात आणि खऱ्या व्हिडिओत जेवढा फरक, तेवढाच भरला जाई. खोलीभर सामान डबाभर होऊन जायचं. आता समजा, निरोपातली ती लसणाची चिठ्ठी वाटेत हरवली. तरी बहीण पिठलं करतेच. आपलं नेहमीचं करते. तुम्ही ते खाता, बरं म्हणता, आणि काही हरवलंय हे तुमच्या गावीही नसतं.

रविवारी अवंतीने सामान बांधून चढवलं. आपल्या यंत्रावर जागा हवी होती म्हणून इथली प्रत तिथल्या तिथे पुसून टाकली. दुसऱ्याने असं केलं असतं तर तिने त्याला उभं सोललं असतं.

सोमवारी सकाळी साइट उघडली तर नुसती नावं. व्हिडिओच्या जागी फाटक्या कागदाचं ते चिमुकलं चित्र, चार हजार एकशे बारा वेळा. ते बघून ती हसलीच. हे दुखणं तिच्या रोजच्या ओळखीचं होतं. झिप उघडताना फोल्डरच्या पोटात त्याच नावाचा दुसरा फोल्डर तयार झाला होता. साइट पुढच्या खोलीत शोधत होती आणि सामान मागच्या खोलीत पडलं होतं. ते उचलून पुढे आणायचं, झालं. नव्या सर्व्हरला खोल खोल घरं चालत नव्हती, म्हणून तिने दर वर्षाचे वेगळे होते ते फोल्डरही मोडले आणि मुलाचा नंबर व त्याची कितवी खूण एवढ्याच नावाने सगळे व्हिडिओ एका जागी आणले.

यंत्राने विचारलं, काही फायलींची नावं सारखी आहेत, जुन्यावर नवी ठेवू का? ती म्हणाली, सगळ्यांना हो. मग यंत्र म्हणालं, यादीत चार हजार एकशे बारा आहेत, इथे तीन हजार आठशेच दिसतात, उरलेल्या अंदाजाने भरून काढू का? साइटची जागा बदलली म्हणून दुभाष्याला ती वापरू देण्याआधीची सरकारी तपासणी गुरुवारी चारला होती. यादीतला शब्द आणि मुलाचा एक लहानसा फोटो तर शाबूत होता. अवंती याही वेळी हो म्हणाली. तासाभरात पान न पान उघडायला लागलं. तिने सगळं पुन्हा बांधलं आणि जुन्या झिपवर नवी चढवली. तपासणी यंत्राने शंभरपैकी शंभर गुण देऊन हिरवा दिवा दाखवला. हिरवा दिवा मिळताच कंपनीच्या नियमाप्रमाणे जुना सर्व्हर आपोआप रिकामा झाला. अवंतीने चहा टाकला. सकाळ सार्थकी लागली असं तिला वाटलं.

मंगळवारी दुपारी आई टॅबलेट घेऊन खिडकीशी बसली. डॉक्टरीणबाईंना काय सांगायचं त्याची उजळणी करायची होती. वेदना, अंगठा, सुई असं बघता बघता ती गुंफाच्या व्हिडिओंवर गेली. गुंफा म्हणजे शाळेतली तिची मोठी मैत्रीण, जाऊन आता बरीच वर्षं झाली. थोड्या वेळाने जमिनीवर पाय आपटल्याचा धक्का अवंतीला शेजारच्या खोलीत जाणवला. आई बोलावत होती.

आईने टॅबलेट तिच्यापुढे धरला. पडद्यावर तेरा-चौदा वर्षांची गुंफा, दोन वेण्या, निळा गणवेश, 'लिंबू' करून दाखवत होती.

"दिवा कुठाय?" आईने हातांनी विचारलं.

अवंतीला कळेना. आईने व्हिडिओ पुन्हा लावला. खोलीत पहिल्यापासून लख्ख उजेड होता.

"सरांनी दिवा लावल्या-विझवल्याशिवाय कधी सुरुवात केली नाही. आणि लिंबू म्हटलं की गुंफा आधी डोळे गच्च मिटायची. ही कोण आहे?"

अवंतीने घाईघाईने चार ओळींचा प्रोग्राम लिहिला: प्रत्येक व्हिडिओचे पहिले दोन सेकंद बघ, अंधार-उजेड-अंधार-उजेड आहे का सांग. उत्तर आलं, तीनशे बारांत नाही. अंदाजीने मोठ्या शहरांतले व्हिडिओ बघितले होते, तिथे शिक्षक हात वर करून लक्ष वेधत. ट्यूबलाइटची उघडझाप करणारा वर्ग त्याने जन्मात पाहिला नव्हता. ती सगळी त्या हरवलेल्या चिठ्ठीत होती. चिठ्ठी गेली तसा दिवा गेला, गुंफाचे मिटलेले डोळे गेले, आणि उरली ती शहरी पद्धतीने लिंबू दाखवणारी, गुंफाचा चेहरा लावलेली कुणी भलतीच मुलगी.

पण तीनशे बारा चिठ्ठ्या गेल्या कशा? तिने नंबर आईला दाखवले, तेव्हा आईनेच ते सांगितलं. शाळेत दप्तर अडकवायला भिंतीवर चाळीस खुंट्या होत्या आणि खुंटीचा नंबर तोच मुलाचा नंबर. एक मूल शाळा सोडून गेलं की त्याची खुंटी दुसऱ्या मुलाला मिळायची, आणि खुंटीबरोबर नंबरही. गुंफा सतरा नंबर होती. ती शाळा सोडून गेल्यावर तिची खुंटी आईने मागून घेतली आणि सतरा नंबर आई झाली. वर्षांचे फोल्डर होते तोवर दोन्ही सतरा आपापल्या घरी सुखाने नांदत होत्या. अवंतीने भिंत पाडली आणि एकीवर दुसरी बसली. गुंफाच्या खुणा पुसल्या गेल्या त्या आईच्या खुणांखाली.

अति घाई संकटात नेई, हे घाटात प्रत्येक वळणावर लिहिलेलं असतं. वाचून न वाचल्यासारखं करतो आपण. अवंतीला स्वतःची भयंकर लाज वाटली. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती, आणि ती आईशी व्यवहाराचं बोलायला लागली. गुरुवारी तपासणी आहे. साइटला शंभर गुण आहेत. हे तीनशे बारा आता काढले तर शंभरातले साडेसात जातील आणि मंजुरीला अठ्ठ्याण्णव लागतात. मंजुरी नाही तर दुभाष्या नाही, आणि दुभाष्या नाही तर शुक्रवार नाही. गुरुवार जाऊ दे, शस्त्रक्रिया होऊ दे, मग सावकाश निस्तरू. हात दाखवून अवलक्षण कशाला?

आई नकारार्थी मान हलवत राहिली. मग तिने टॅबलेट पालथा ठेवला.

"तूही पदरचं भरायचीस," ती म्हणाली.

"काय?"

"लहानपणी. मी दुकानदाराला चार गोष्टी सांगायचे, तू एकच सांगायचीस. शाळेत तुझ्या बाईंनी तुझी तक्रार केली, तेव्हा तू मला सांगितलंस की बाई कौतुक करताहेत. मला सगळं कळायचं. बाईंचा चेहरा मला दिसत होता ना."

अवंतीला रडू आलं. ती दहा वर्षांची होती तेव्हा. त्या दिवशी आई बाईंकडे बघून हसली होती आणि घरी येताना तिने अवंतीला सोनपापडी घेऊन दिली होती.

"तू माझी मुलगी आहेस, मी चालवून घेतलं," आई म्हणाली. "हे यंत्र माझं कोण लागतं? काढून टाक."

अवंतीने तीनशे बारा व्हिडिओ काढून टाकले. हिरवा दिवा लाल झाला. आईने तोवर फोन हातात घेतला होता आणि कॅमेऱ्यासमोर भराभर हात हलवत ती शाळेच्या जुन्या मंडळींना निरोप धाडत होती.

बुधवारी सकाळी नऊला शाळेच्या दारात एकोणीस जण हजर होते. कुणी पाळीवरून सुट्टी टाकून आलेलं, कुणी सुनेला घेऊन. शाळेच्या इमारतीत आता संत्र्यांची रिकामी कॅरेट ठेवत, आणि किल्ली सुखदेवकाकांकडे असे. बोलायला माणूस मिळाला की काका सोडत नसत, आणि इथे एकोणीस माणसं हातवारे करताहेत आणि आवाज एकाचाही नाही, हे बघून ते चक्रावले.

"इतक्या लोकायले कायले बलावलं व पोरी?" त्यांनी अवंतीला विचारलं.

अवंतीने सांगितलं, सरांचा वर्ग भरवायचाय. काकांनी पुढे काही न विचारता कॅरेट बाजूला सारायला सुरुवात केली. भिंतीवरच्या चाळीस खुंट्या निघाल्या. त्यांतल्या काही मोडल्या होत्या, पण ट्यूबलाइट लागत होती.

काम असं चाललं. अवंती यादीतला शब्द पडद्यावर दाखवी. ज्याची खूण, तो हयात असेल तर तोच खुर्चीत बसे. नसेल तर त्याच्या खुंटीशेजारचा. दिव्याच्या बटणापाशी उत्तम इंगळे उभा राहिला. तो शाळेत असताना मॉनिटर होता आणि पन्नाशी उलटली तरी त्याचा तो रुबाब गेला नव्हता. दोनदा बंद, दोनदा चालू. कुणी आधीच हात हलवला तर डोळे वटारून पुन्हा पहिल्यापासून. जे येऊ शकले नाहीत ते सुरतहून, पुण्याहून फोनवर आले, आणि त्यांनाही आईने आपापल्या घरचे दिवे दोनदा बंद-चालू करायला लावले.

मधूनच भांडणं लागत. 'जांभई' तशी नाही, अशी होती. 'पोस्टमन' करताना टोपी आधी की पिशवी आधी, यावर दोघांनी पंधरा मिनिटं घालवली. अवंती घड्याळाकडे बघत तळमळत होती, पण तिने कुणाला आवरलं नाही. गुंफाच्या खुणा आईने केल्या. सतरा नंबरच्या खुंटीखाली बसून तिने सुजलेल्या मनगटाने एकवीस खुणा केल्या, प्रत्येक वेळी गुंफा करायची तसाच चेहरा करून. लिंबाला डोळे गच्च मिटले तेव्हा सगळा वर्ग खदखदून हसला.

बाविसावा शब्द होता 'खोटं खोटं रडणं'. आईचे हात वर उठले आणि तिथेच थांबले. तिला आठवेना. उत्तमने एक करून दाखवलं, ते चुकीचं आहे असं सगळ्यांनी ठरवलं. आणखी दोघांनी प्रयत्न केला. आईने डोळे मिटून बघितलं, उठून दारापर्यंत जाऊन आली. नाहीच. अंदाजीकडे या शब्दाला उत्तर तयार होतं, आणि दिसायला ते छानही होतं. ते अवंतीला आठवलं, पण तिने पडद्यावर नुसता शब्दच राहू दिला.

"खुर्ची रिकामी ठेव आणि दिवा लाव-विझव," आई म्हणाली.

उत्तमने बटण दाबलं. अंधार, उजेड, अंधार, उजेड, आणि रिकामी खुर्ची. अवंतीने ते टिपलं आणि गुंफाच्या नावावर चढवलं. त्याच्या खाली लिहिलं: ही खूण आम्हाला आठवत नाही. गुरुवारी दुपारी दोनपर्यंत अशा चौदा रिकाम्या खुर्च्या झाल्या. बाकी दोनशे अठ्ठ्याण्णव खुणा परत आल्या.

चार वाजता तपासणीला पिंपळखुटे मॅडम आल्या. त्यांनी यंत्र लावलं, कागद बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला. म्हणाल्या, सोमवारी तुमचे शंभर गुण होते, आज नव्याण्णव पूर्णांक सहा आहेत. चार दिवसांत गुण वाढवून आणणारे खूप पाहिले, कमी करून आणणारे तुम्ही पहिल्याच. अवंतीने सगळं सांगितलं, आपले दोन 'हो'सुद्धा सांगितले. मॅडमनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी त्या रिकाम्या खुर्चीचा व्हिडिओ त्यांनी दोनदा पाहिला आणि शेऱ्यात लिहिलं: 'चौदा नोंदी रिकाम्या. तशाच ठेवाव्यात.' मग मंजुरीची सही केली.

शुक्रवारी अकराला पाच मिनिटं असताना मायलेकी डॉक्टरीणबाईंसमोर बसल्या. नियमाप्रमाणे अवंतीची खुर्ची आईच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी. दुभाष्याचा डोळा उघडला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गाठ पूर्ण काढू की अंगठा राखू?

आईने सांगितलं. दुभाष्या बोलत गेला: अंगठा राखा. गाठ परत आली तर परत येईन. मग आईने सुजलेल्या हाताची दोन बोटं डोळ्यांजवळ नेली, जिभेचं टोक बाहेर काढलं आणि मनगटाला एक हलकी गिरकी दिली. अवंतीने ही खूण जन्मभर पाहिली होती. दोरा ओला करून सुईत ओवायचा, पहिल्याच झटक्यात, चष्म्याशिवाय. ही आईने शाळा सोडल्यावर शिवणयंत्रावर बसून काढलेली खूण होती. ती कुठल्याच खुंटीवर नव्हती.

दुभाष्याचा डोळा एकदा मिटून उघडला.

"ही खूण माझ्याकडे नाही," तो म्हणाला. त्याच्या पडद्यावरही तीच अक्षरं उमटली. "कृपया पुन्हा सांगा."

अवंती खुर्चीत पुढे सरकली. उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

आईने पडद्यावरची अक्षरं वाचली, आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. यंत्राने पदरचं काही भरलं नव्हतं. ती उठली. डॉक्टरीणबाई काही म्हणायच्या आत भिंतीपाशी गेली, आणि तिने खोलीतला दिवा दोनदा बंद केला, दोनदा लावला. मग परत खुर्चीत येऊन बसली आणि पहिल्यापासून सांगायला लागली.